लोकरीच्या गोळ्यालाही दात असतात

वाचकहो, हे सदर माणसांच्या आरोग्याचे. त्यात कुत्रे कुठून शिरले, असे काहींना वाटेल. पण ज्या घरात कुत्रे आहे, त्या घराच्या आरोग्याचा विचार कुत्र्याला दाराबाहेर ठेवून करता येत नाही. पूर्वी राखणीचे कुत्रे गोठ्यापाशी किंवा अंगणात असे. आजचे लांब केसांचे लहान कुत्रे सोफ्यावर बसते, नातवाच्या पांघरुणात झोपते आणि आजीच्या ताटातला घास खाते. ते इतके जवळ आले आहे, म्हणूनच त्याची चार शब्दांत ओळख करून घेतली पाहिजे.

आपल्या गावांतून ज्याला सरसकट 'पामेरियन' म्हणतात, त्याच्याविषयी आज लिहितो. हे नाव बाल्टिक समुद्राकाठच्या पोमेरेनिया या प्रदेशावरून पडले. तो भाग आज पोलंड आणि जर्मनी या दोन देशांत विभागलेला आहे. तिकडचे मूळचे कुत्रे चांगले मोठे होते. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने १८८८ साली इटलीतील फ्लॉरेन्सहून एक लहान चणीचा पामेरियन आणला. त्यानंतर लहान कुत्र्यांची हौस वाढली आणि पैदास करणाऱ्यांनी ते आणखी लहान केले. खरा पामेरियन आज दोन-तीन किलोंचाच असतो. आपल्याकडे दिसतो तो पाच-सात किलोंचा, पांढरा, टोकदार तोंडाचा, पाठीवर शेपटी वळवलेला कुत्रा बहुतेक वेळा 'इंडियन स्पिट्झ' असतो. त्याच कुळातला, पण इथल्या हवेत पिढ्यान्‌पिढ्या रुळलेला. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' या चित्रपटात टफी नावाचा असाच पांढरा कुत्रा सर्वांनी पाहिला. त्यानंतर आपल्या भागातही घरोघरी टफी दिसू लागले, हे आमच्या पिढीला चांगले आठवते.

या कुत्र्याचा स्वभाव आधी समजून घ्यावा. ते दिसते मऊ, पण वृत्तीने राखणदार आहे. दारावरची कडी वाजण्याआधी त्याला जिन्यातली चाहूल लागते आणि भुंकणे सुरू होते. घरातल्या एका माणसावर त्याचा विशेष जीव असतो. त्या माणसाजवळ दुसरे कोणी बसलेले त्याला खपत नाही. ते हुशार असते, लवकर शिकते, पण लाडावले की तितक्याच लवकर डोक्यावर बसते. झोपेत उठवलेले, खाताना हात लावलेले, शेपटी ओढलेली त्याला आवडत नाही. मोठे कुत्रे अशा वेळी उठून लांब जाते. हा लहान जीव अडचणीत सापडला की दात दाखवतो. त्याला मग 'चिडका' म्हणून नावे ठेवतात. खरे तर त्याने गुरगुरून आधी सूचना दिलेली असते, ती आपल्या लक्षात आलेली नसते. पाच-सहा वर्षांच्या आतील मूल आणि कुत्रे, कितीही गुणी असले, तरी दोघांना एकटे सोडू नये, हा माझा आग्रह आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मध्यंतरी एक गृहस्थ आपल्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन आले. ताप आणि खोकला एवढीच तक्रार होती. तपासताना मुलीच्या गालावर दोन ताजे ओरखडे दिसले, त्यातल्या एकावर रक्त सुकले होते. विचारले, तर म्हणाले, "काही नाही हो डॉक्टरसाहेब, घरचंच पिल्लू आहे. खेळता खेळता दात लागला. हळद लावलीय."

"लस दिलीय का पिल्लाला?"

"अजून नाही. दोनच महिन्यांचं आहे. आणि ते बाहेर कुठं जातच नाही."

मी त्यांना समोर बसवले आणि जे सांगितले, तेच इथे सांगतो. रेबीजचे विषाणू कुत्र्याची जात, किंमत आणि रंग पाहत नाहीत. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत प्रकार कुत्र्यापासून होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे या रोगाने दगावतात, असा तिचा अंदाज आहे, आणि त्यांत मुलांचे प्रमाण मोठे आहे. पिल्लू म्हणजे निर्धोक, ही समजूत तर फारच घातक आहे. पिल्लाला रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात देतात. त्याआधी त्याला संरक्षण असेलच असे नाही. ते कोणत्या खुराड्यात वाढले, त्याच्या आईला लस होती का, तिला कोण चावले होते, याचा पत्ता विकत घेणाऱ्याला नसतो. आणि 'बाहेर जात नाही' म्हणणाऱ्यांच्या घरी फाटकाच्या गजांतून रस्त्यावरच्या कुत्र्यांशी नाकाला नाक लावणे रोज चालू असते.

रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की त्यावर आजही उपाय नाही. रुग्ण जवळजवळ निश्चितपणे दगावतो. मात्र लक्षणे दिसण्याआधी योग्य उपचार पूर्ण केले, तर तो हमखास टाळता येतो. इतका भयंकर आणि इतका टाळता येण्याजोगा दुसरा रोग माझ्या माहितीत नाही. म्हणून दात लागला, ओरखडा उठला किंवा उघड्या जखमेवर कुत्र्याने चाटले, तर पुढील गोष्टी कराव्यात.

जखम लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावी आणि साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. साबणाने विषाणू निष्प्रभ होतो. हा उपाय फुकटचा आहे आणि नेमका तोच सर्वांत जास्त टाळला जातो. हळद, चुना, मिरची, तेल, तंबाखू यांतले काहीही लावू नये. जखमेला लगेच टाके घालण्याचा आग्रह धरू नये. नंतर सरळ दवाखाना गाठावा. साधा ओरखडा असेल, रक्त आले नसेल, तरी लस लागते. रक्त आले असेल, जखमेवर किंवा डोळा-तोंडाच्या आतल्या त्वचेवर लाळ लागली असेल, तर लसीबरोबर जखमेतच देण्याचे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते. चेहरा, मान आणि हाताचे पंजे येथील जखमांत तर एक दिवसही दवडू नये. या भागांत मज्जातंतूंचे जाळे दाट असते, चेहऱ्यापासून मेंदू जवळ असतो आणि विषाणूला तिथे पोहोचायला वेळ कमी लागतो.

अजूनही बरेच लोक 'पोटातल्या चौदा इंजेक्शनां'च्या धास्तीने येत नाहीत. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस होती. २००५ च्या सुमारास ती आपल्या देशात बंद झाली. आता लस दंडात देतात. स्नायूत दिली तर पाच वेळा आणि कातडीत दिली तर चार वेळा जावे लागते, शेवटची फेरी अठ्ठाविसाव्या दिवशी. सरकारी दवाखान्यांत ती दिली जाते. कुत्र्याला लस दिलेली असली तरी डॉक्टरांचा सल्ला घ्यावाच. उपचार सुरू करून कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवतात. दहा दिवसांनंतरही ते धडधाकट असेल तर पुढचे डोस कमी करायचे का, हे डॉक्टर ठरवतात. त्या मुलीचे उपचार त्याच दिवशी सुरू झाले आणि शेवटच्या डोसापर्यंत पूर्ण झाले.

आता रोजच्या काळजीविषयी. या कुत्र्याला दुहेरी केस असतात. आत मऊ लव आणि वरती लांब, राठ केस. उन्हाळा आला की अनेक जण न्हाव्यासारखे यंत्र लावून त्याला पार भादरून टाकतात. त्यामागे दया असते, पण उपयोग उलटा होतो. वरचे केस उन्हापासून कातडीचे रक्षण करतात. मुळापासून काढले तर ऊन सरळ कातडीला लागते आणि पुष्कळदा केस पुन्हा नीट येतच नाहीत. त्याऐवजी आठवड्यातून दोन-तीनदा फणी फिरवून आतली गळलेली लव काढावी. तीन-चार आठवड्यांनी आंघोळ पुरे. त्यासाठी कुत्र्यांचाच शाम्पू वापरावा आणि नंतर मुळापर्यंत कोरडे करावे. ओल राहिली की कातडीचे विकार सुरू होतात.

अलीकडे आपल्याकडे शित्झू नावाचे तिबेट-चीनकडचे कुत्रेही दिसू लागले आहे. त्याच्या नावाचा अर्थच 'सिंह'. स्वभावाने ते पामेरियनपेक्षा शांत आणि माणसाळलेले असते, भुंकते कमी. त्याचे केस मात्र आपल्या केसांसारखे वाढतच राहतात, म्हणून ते कातरून आखूड ठेवणे योग्य. पण त्याचे तोंड चपटे आणि नाक आखूड असते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच शरीर थंड करते. ज्याचे नाकच आखूड, त्याला हे नीट जमत नाही. त्याचे डोळेही मोठे आणि पुढे आलेले असतात, त्यांत केस जाऊन जखम होते. वैशाखात पारा चाळिसाला टेकतो तेव्हा असे कुत्रे गच्चीवर बांधणे किंवा बंद मोटारीत 'पाचच मिनिटे' ठेवणे म्हणजे त्याचा जीव घेणे. कोणत्याही कुत्र्याला फिरवायचे तर सूर्य वर येण्याआधी आणि डांबर निवल्यावर. आपला हात रस्त्यावर टेकवून पाहावा. आपल्याला सोसत नसेल तर त्यालाही सोसत नाही.

खाण्याच्या बाबतीत आपण फार चुकतो. दूध आणि ग्लुकोजची बिस्किटे यांवर कुत्री वाढवली जातात. बिस्किटांनी वजन वाढते आणि लहान जबड्यातले दात लवकर किडतात. मोठ्या कुत्र्यांना दूध पुष्कळदा पचत नाही. कांदा-लसूण आणि चॉकलेट त्यांना बाधते. आपल्या जिल्ह्यात एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. तासगावचा बेदाणा आपण शिऱ्यात, लाडवात, येता-जाता मूठभर खातो. कुत्र्याला मात्र द्राक्षे आणि बेदाणे विषासारखे बाधू शकतात, त्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्यावर बाधेल याचा नेम नसतो. तेव्हा प्रसादाचा शिराही प्रेमाने भरवू नये. खाटकाकडची कच्ची आतडी आणि काळीजही घालू नये. त्यातून कुत्र्याला एक प्रकारचे पट्टकृमी होतात आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात पाण्याच्या गाठी होतात. 'कुत्र्याचा केस पोटात गेला की आजार होतो' असे जुनी माणसे म्हणतात. नुसता केस जसा जातो तसा निघून जातो. धोका असतो तो जंतांच्या अंड्यांचा. पिल्लाला तर आईच्या पोटातूनच जंत येऊ शकतात. म्हणून त्याला वेळच्या वेळी जंताचे औषध द्यावे, विष्ठा लगेच उचलावी आणि मुलांना जेवणाआधी साबणाने हात धुवायला लावावेत. इतके केले तरी पुरे.

घरातल्या औषधांच्या डब्याबद्दलही सांगतो. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. आपला थर्मामीटर लावून 'ताप आहे' म्हणत आपलीच पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी त्याला देणारे लोक मी पाहिले आहेत. या गोळ्या त्याच्या जिवावर बेतू शकतात. मी माणसांचा डॉक्टर आहे. कुत्र्याचे औषध जनावरांच्या डॉक्टरांनीच द्यावे, हे मी मला विचारणाऱ्यांनाही सांगतो. गोचिडांसाठी रॉकेल चोळणे किंवा बागेवर फवारायचे औषध लावणे हे त्याहून वाईट. ते विष कुत्र्याच्या कातडीतून तर आत जातेच, पण संध्याकाळी त्याच कुत्र्याला मिठी मारणाऱ्या मुलाच्या हाता-तोंडालाही लागते. डोक्यावर, अंगावर गोल चट्टे घेऊन येणाऱ्या मुलांच्या घरी केसाळ पिल्लू आहे का, हेही मी विचारतो. नायट्याची बुरशी दोघांत अदलाबदल होते. तेव्हा दोघांवर एकदमच उपचार करावे लागतात.

'या जातीचे केस गळत नाहीत, त्यामुळे दमेकऱ्याला त्रास नाही' असे सांगून पिल्ले विकली जातात. यावर विश्वास ठेवू नये. त्रास होतो तो मुख्यतः कुत्र्याच्या कातडीचा कोंडा आणि लाळ यांतल्या द्रव्यांनी, आणि ती प्रत्येक कुत्र्यात असतात. घरात दम्याचा रुग्ण असेल तर आधी कुत्रे असलेल्या घरी चार-सहा वेळा जाऊन, बसून पाहावे.

हे सगळे वाचून मी कुत्र्यांच्या विरुद्ध आहे असे कोणी समजू नये. माझ्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी आहेत. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही. रोज चाला, असे त्यांना मी दहा वर्षे सांगत होतो. बाईंच्या माघारी मुलाने पामेरियन आणून दिले. आता ते रोज पहाटे कालव्याच्या रस्त्याने दोन किलोमीटर जातात. मला म्हणाले, "डॉक्टर, तुमचं ऐकलं नाही तरी तुम्ही पायजमा ओढत नव्हता!" रिकाम्या घरात वाट पाहणारे कोणीतरी असणे, हे औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही, पण त्याचा गुण मी पाहिला आहे. त्याच वेळी पायात घुटमळणाऱ्या कुत्र्याला अडखळून एका आजींचे खुब्याचे हाड मोडलेलेही पाहिले आहे. वृद्धांच्या घरी अशा कुत्र्याच्या गळ्यात घुंगरू बांधावे आणि रात्री संडासाच्या वाटेवर दिवा ठेवावा. फिरवताना गळ्याच्या पट्ट्याऐवजी छातीवरून बांधायचा पट्टा वापरावा. पामेरियनची श्वासनलिका नाजूक असते, ओढाताणीने त्याला ठसका लागतो.

माझे खरे म्हणणे पिल्लू आणण्याआधीच्या विचाराविषयी आहे. हे कुत्रे बारा ते पंधरा वर्षे जगते. आठवीतल्या मुलाच्या हट्टाखातर आणलेले पिल्लू त्याच्या कॉलेजच्या वर्षांत ऐन उमेदीत असते. मुलगा पुण्याला जातो, कुत्रे आजी-आजोबांकडे राहते. त्याला मोतीबिंदू होतो, कातडी बिघडते, तेव्हा मुलाचे लग्न ठरत असते. मग एखाद्या दिवशी ते हमरस्त्यावरच्या ढाब्याजवळ सोडले जाते. गादीवर वाढलेला हा जीव रस्त्यावर आठवडाभरही टिकत नाही. याला मी क्रूरपणा म्हणतो, दुसरा शब्द नाही. म्हणून घरातल्या ज्या माणसावर शेवटी त्याचा भार पडणार आहे, त्याची संमती आधी घ्यावी. बहुतेक घरांत ती आई किंवा आजी असते आणि तिला कोणी विचारलेले नसते.

पिल्लू घ्यायचेच ठरले, तर कुणाकडून घेतो तेही पाहावे. २०१७ च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याने नोंदणी केली पाहिजे आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. बाजारच्या दिवशी पाटीत घालून महिन्याभराची पिल्ले विकणाऱ्याकडून घेतले, तर त्या धंद्याला आपणच खतपाणी घालतो. त्याची आई पाहायला मागावी. जो आई दाखवत नाही, त्याच्याकडून घेऊ नये. पैदास करायची नसेल तर योग्य वयात शस्त्रक्रिया करून घ्यावी. मादीच्या गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार त्याने टळतो.

शेवटी नगरपालिकेला आणि ग्रामपंचायतींना एक सूचना. रस्त्यावरच्या कुत्र्यांविषयी आपण सभा घेतो, अर्ज देतो. घरातल्या कुत्र्यांची मोजदाद मात्र कोणी करत नाही. लसीचा दाखला पाहून दरवर्षी पाळीव कुत्र्याची नोंदणी करावी आणि महिन्यातला एक ठरावीक दिवस गुरांच्या दवाखान्यात कुत्र्यांच्या लसीसाठी राखून ठेवावा. २८ सप्टेंबर हा लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन जगभर रेबीज दिन म्हणून पाळला जातो. सुरुवात त्या दिवशी करता येईल. तोवर प्रत्येकाने आपल्या घरापुरते एवढे करावे: आज संध्याकाळी कुत्र्याचे लसीचे कार्ड शोधावे, त्यावरची तारीख वाचावी आणि वर्ष उलटून गेले असेल तर उद्या सकाळी त्याला उचलून दवाखान्यात न्यावे.